दोन कोर्स होऊनही एच. पायलोरी जात नाही, तो बायोफिल्ममुळे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूसाठी दोन वेळा औषधं घेऊन झाली. पहिला कोर्स क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा, १४ दिवसांचा. दुसरा लिव्होफ्लॉक्सासिनचा, १० दिवसांचा. दोन्ही पूर्ण केले, तरी त्यानंतर सहा आठवड्यांनी केलेली ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्हच आली. कुणीतरी सांगितलं की हे जंतू पोटात बायोफिल्म, म्हणजे स्वतःभोवती चिकट थर, करून बसतात म्हणून औषध लागू पडत नाही, आणि ती फोडणारी कॅप्सूल आधी घ्यायला हवी. ती घ्यावी का, आणि ही बायोफिल्म घरातल्यांपर्यंत पोचते का, असं तुम्ही विचारलं आहे.

पोटाच्या विकारांवर उपचार करणं हेच माझं काम, आणि उपचार फसलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. बायोफिल्म खरी आहे, पण तुमच्या दोन कोर्सचं अपयश एकट्या तिच्या माथी मारणं बरोबर नाही. पुढचा कोर्स कोणता, किती मात्रेचा आणि किती दिवसांचा, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. बायोफिल्म समजून घेतली तर त्याचं उत्तर असं का, हे मात्र जास्त नीट कळतं.

सुरुवात जठरापासून करू. जठराच्या पोकळीत पीएच (आम्लाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ पर्यंत उतरतो. एच. पायलोरीला हे आम्ल मानवतं असा समज आहे, तो चुकीचा. उघड्या आम्लात तो थोड्याच वेळात मरतो. त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर प्रमाणात असतं. पोटातल्या युरियापासून ते अमोनिया तयार करतं, आणि त्या अमोनियामुळे जंतूच्या अगदी लगतचं आम्ल निवतं. तेवढ्या सवलतीत तो पोकळीतून निघून जठराच्या अस्तरावरच्या म्युकसच्या, म्हणजे बुळबुळीत स्रावाच्या, थरात शिरतो. तुमची ब्रेथ टेस्ट याच युरिएजवर चालते: तुम्ही प्यायलेला खुणेचा युरिया फुटतो आणि त्यातला कार्बन श्वासातून बाहेर येतो.

मळसूत्रासारख्या आकारामुळे हा जंतू म्युकसला भोक पाडत पुढे जातो असं बरीच वर्षं मानलं जायचं. प्रत्यक्षात म्युकस आम्लात घट्ट जेलीसारखा असतो आणि आम्ल कमी झालं की सैल पडतो. जंतू अमोनियाने आपल्यापुढचा म्युकस सैल करतो आणि मग शेपट्यांच्या, म्हणजे फ्लॅजेलांच्या, जोरावर त्यातून पोहतो. पेशींपर्यंत पोचला की बॅबए, सॅबए यांसारख्या प्रथिनांनी तो पेशींवरच्या साखरेच्या साखळ्या पकडतो. अन्न पुढे सरकतं, म्युकस सतत नवा तयार होऊन जुना वाहून जातो. पण ज्याची पकड बसली तो जागेवर राहतो.

बायोफिल्मची गोष्ट इथून पुढे सुरू होते. पकड बसलेले जंतू तिथेच विभागतात, त्यांचे छोटे पुंजके होतात आणि पुंजक्यांभोवती एक चिकट गराडा जमतो. या गराड्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या जंतूंमधून बाहेर पडलेला डीएनए असतो, आणि जिवंत जंतूंनी आपल्या बाहेरच्या पडद्यातून सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्याही असतात. या पिशव्या डीएनएला धरून राहतात आणि सगळं एकत्र सांधायला मदत करतात. प्रयोगशाळेत एच. पायलोरीची बायोफिल्म १९९९ मध्ये नोंदली गेली. द्रवात वाढवलेल्या जंतूंची साय द्रव आणि हवा यांच्या सीमेवर, काचेला धरून दिसते. २००६ च्या सुमारास रुग्णांच्या जठराच्या बायोप्सी (तपासणीसाठी काढलेले अस्तराचे तुकडे) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा जंतू असलेल्या अस्तरावर असेच दाट गालिचे दिसले आणि जंतू नसलेल्या अस्तरावर ते जवळजवळ नव्हते.

इथे एक सावधगिरी. जठरात मुळातच म्युकसचा चिकट थर असतो, आणि तपासणीसाठी तुकडा सुकवताना म्युकसचेही धागे होतात. चित्रातला कोणता धागा जंतूंचा आणि कोणता तुमच्या पोटाचा, हे प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे बायोफिल्म पोटातही असते हे मी मानतो, पण तुमच्या पोटात ती किती आहे हे सांगणारी नेहमीच्या वापरातली कुठलीही तपासणी नाही. ना ब्रेथ टेस्ट, ना स्टूल अँटिजेन (शौचात जंतूचे अंश शोधणारी टेस्ट), ना साधी बायोप्सी. तेव्हा "तुमच्या पोटात बायोफिल्म आहे म्हणून औषध लागू पडत नाही" असं कुणी ठामपणे सांगितलं, तर ते त्यांना कशावरून कळलं एवढं जरूर विचारा.

आता बायोफिल्ममध्ये राहून जंतूला मिळतं काय? गराड्यामुळे औषध आत पोचतच नाही, हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बहुतेक अँटिबायोटिक छोटे रेणू आहेत, उशिरा का होईना आत पोचतात. मोठा फरक जंतूच्या वागण्यात पडतो. बायोफिल्मच्या आत पोषण कमी, त्यामुळे जंतू मंदावतात. अमॉक्सिसिलिन जंतूची नवी भिंत बांधली जात असतानाच ते बांधकाम अडवतं. जो विभागतच नाही त्याची भिंत बांधली जात नाही, मग औषध अडवणार काय? एच. पायलोरी मुळातच सावकाश वाढणारा जंतू. १९८२ साली पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांच्या, जंतू वाढवण्याच्या प्लेट्सवर तो पहिल्यांदा उगवला, तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहून गेल्या म्हणून. त्याआधीच्या प्लेट्स दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून टाकून दिल्या जात होत्या. या दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. मुळात इतका संथ असलेला जंतू बायोफिल्ममध्ये आणखी संथ होतो, हे लक्षात घेतलं की सात दिवसांचे कोर्स का मागे पडले आणि १४ दिवसांवर आम्ही का अडून बसतो ते कळेल.

दुसरी गोष्ट पंपांची. जंतूच्या पडद्यात औषध बाहेर फेकणारी प्रथिनं असतात, इफ्लक्स पंप. बायोफिल्ममधल्या जंतूंमध्ये ती जास्त प्रमाणात तयार होतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत चिंतेची वाटते. एच. पायलोरी बाहेरचा डीएनए उचलून आपल्यात सामावून घेण्यात पटाईत आहे, आणि बायोफिल्मचा गराडा तर डीएनएनेच भरलेला. एका जंतूत क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा बदल झाला की तो शेजाऱ्याला मिळणं तिथे सोपं होतं. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की बायोफिल्ममधल्या जंतूंना अपुऱ्या मात्रेत क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर सुट्या पोहणाऱ्या जंतूंच्या तुलनेत त्यांच्यात रेझिस्टन्सचे म्युटेशन, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद देणारे जनुकातले बदल, जास्त दिसतात. हे म्युटेशन २३एस आरआरएनएच्या (जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग) जनुकात होतात. ते एकदा झाले की जंतू बायोफिल्ममधून बाहेर आला तरी रेझिस्टंटच राहतो.

मंदावून तग धरणं आणि रेझिस्टंट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे. मंदावलेला जंतू सहनशील असतो: मात्रा पुरेशी असेल आणि दिवस पुरेसे असतील तर तो मरतो. म्युटेशन झालेला जंतू त्या औषधाला कधीच दाद देत नाही. तेच औषध महिनाभर घेतलंत तरी काही होत नाही. बायोफिल्म फोडणारी कॅप्सूल दुसऱ्या प्रकाराचं काहीही बिघडवू शकत नाही.

एक आडवळण घेतो, कारण ते मला स्वतःला फार रंजक वाटतं. बहुतेक जंतू बायोफिल्ममध्ये शिरले की फ्लॅजेला बनवणं थांबवतात; पोहायचंच नाही तर शेपटी कशाला? एच. पायलोरीच्या काही जातींमध्ये उलट दिसलं आहे. बायोफिल्ममध्ये फ्लॅजेलाची जनुकं अधिक चालू असतात, आणि मायक्रोस्कोपखाली या शेपट्या एकमेकींत गुंतून जंतूंना धरून ठेवताना दिसतात. फ्लॅजेला नसलेले जंतू बायोफिल्म जेमतेमच बनवतात. शिवाय हे जंतू एआय-२ नावाचा एक रासायनिक संकेत सोडतात. गर्दी वाढली की तो साचतो, आणि एच. पायलोरी त्याच्यापासून दूर पोहू लागतो. म्हणजे दाटी झाली की काही जण उठून दुसरी जागा शोधतात. हा संकेत बनवू न शकणाऱ्या जंतूंची बायोफिल्म जास्त जाड होते, कारण तिथून कुणी हलतच नाही. एकाच पोटात हा जंतू वर्षानुवर्षं, उपचार केला नाही तर बहुतेकदा जन्मभर, नव्या नव्या जागा कशा धरतो, याचं बरंचसं उत्तर या ये-जा करण्यात आहे.

त्यात भर जठराच्या ग्रंथींची. जठराच्या अस्तरात खोल, अरुंद ग्रंथी असतात. उंदरांवरच्या कामातून दिसलं आहे की जंतूंचे काही गट या ग्रंथींत शिरून मुक्काम ठोकतात, आणि वरच्या म्युकसमधले जंतू कमी झाले की तिथूनच पुन्हा भर पडते. नुसत्या पृष्ठभागावरच्या बायोफिल्मवर बोट ठेवून चालत नाही ते यासाठीही.

आता तुमच्या दोन कोर्सकडे वळू. माझ्यासमोर असा रुग्ण आला की मी हा क्रम धरतो. पहिली शंका रेझिस्टन्सची. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू जगाच्या अनेक भागांत इतके वाढले आहेत की जिथे हे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आहे तिथे तपासणी न करता ते देऊ नये, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. लिव्होफ्लॉक्सासिनचीही तीच गत. तुम्हाला आधी श्वसनाच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी याच गटांतली औषधं मिळाली असतील तर शक्यता आणखी वाढते. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिनचा रेझिस्टन्स मात्र बहुतेक ठिकाणी अजून विरळ आहे. म्हणून तिसऱ्या वेळी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन पुन्हा लिहिलं गेलं, तर संवेदनशीलतेची, म्हणजे तुमच्या जंतूवर ते औषध चालतं का याची, तपासणी केली आहे का हे आधी विचारून घ्या.

दुसरी शंका आम्लाची. पीपीआयची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी कोर्समध्ये केवळ जळजळ थांबावी म्हणून नसते. पीएच वाढला की जंतू जागा होऊन विभागू लागतो आणि अमॉक्सिसिलिनच्या तावडीत सापडतो. मंदावलेल्या जंतूंचा प्रश्न सोडवण्याचं आपल्या हातातलं सर्वांत भरवशाचं साधन हेच, आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षिलं जातं. गोळी दिवसातून एकदाच घेतली, जेवणानंतर घेतली, मात्रा कमी होती, किंवा तुमचं यकृत ती फार पटकन निकामी करतं (काही जणांत आनुवंशिक कारणाने तसं होतं), तर आम्ल पुरेसं दबत नाही. ती दोन वेळा, खाण्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते. व्होनोप्राझान हे नवं औषध आम्ल अधिक जोरात आणि अधिक काळ दाबतं. जिथे मिळतं तिथे त्याचा विचार होऊ शकतो. धूम्रपानानेही यशाचं प्रमाण घटतं.

तिसरी शंका गोळ्या चुकल्याची. तुम्ही "पूर्ण केले" म्हणता, मी ते मानतो. पण मळमळीमुळे मधल्या दोन दिवसांच्या गोळ्या राहिल्या असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजायचं काही कारण नाही, आणि पुढची आखणी त्यावर ठरते.

यानंतर मी बायोफिल्मचा विचार करतो, आणि तोही वेगळं औषध शोधण्यासाठी नाही. मात्रा आणि दिवस यांत तडजोड करायची नाही, हे ठरवण्यासाठी. दोन अपयशांनंतर, आधी घेतलं नसेल तर, साधारणपणे बिस्मथवर आधारलेला चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स पुढे येतो: पीपीआय, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. मेट्रोनिडाझोलला प्रयोगशाळेत रेझिस्टन्स दिसला तरी पूर्ण मात्रा आणि बिस्मथची जोड यांमुळे तो पुष्कळदा पार करता येतो. बिस्मथ रक्तात फारसं शोषलं जात नाही. ते थेट जठरातच जंतूवर काम करतं, आणि त्याचा रेझिस्टन्स ही व्यवहारात अडचण ठरत नाही. (शौचाचा रंग काळा होतो. आधी सांगितलं नाही तर लोक रक्त समजून घाबरतात, म्हणून सांगून ठेवतो.) पेनिसिलिनची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधं यांवर हे सगळं बदलू शकतं. शक्य असेल तिथे आता एन्डोस्कोपी करून तुकड्यावर कल्चर (जंतू वाढवून पाहणं) किंवा जनुकीय तपासणीने रेझिस्टन्स पाहून घ्यावा असं मी सुचवेन.

बायोफिल्म फोडणाऱ्या कॅप्सूलचं काय? त्यांपैकी ज्यावर खरोखर माणसांत काम झालं आहे ते एन-ॲसिटिलसिस्टिन, म्हणजे कफ पातळ करायला वापरतात तेच. ते चिकट स्रावातले गंधकाचे बंध तोडतं. २०१० मध्ये चार वा अधिक वेळा उपचार फसलेल्या ४० रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यात अँटिबायोटिकच्या आधी हे औषध घेतलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांत जंतू गेला, न घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांत. आकडे ऐकून कुणीही हुरळून जाईल. पण नंतरच्या अभ्यासांत तसा ठाम फायदा दिसला नाही, आणि सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यालाही त्याच्या बाजूने खात्रीने काही म्हणता आलं नाही. शिवाय त्या प्रयोगातही पुढचे अँटिबायोटिक रेझिस्टन्स तपासून निवडले होते, ही बाब जाहिरातीत सांगितली जात नाही. डॉक्टरांनी विचारपूर्वक जोड म्हणून दिलं तर माझा विरोध नाही. स्वतःहून, अँटिबायोटिकशिवाय घेणं मात्र निरर्थक. हळद, लसूण, निरनिराळी एन्झाइम वगैरेंचे जे दावे असतात, ते बहुतांशी काचेच्या नळीतल्या बायोफिल्मवरचे आहेत. नळीत म्युकस वाहत नाही, आम्ल स्रवत नाही, ग्रंथीही नसतात.

घरच्यांचा प्रश्न राहिला. तुमची टेस्ट कोर्सनंतर सहा आठवड्यांतच पॉझिटिव्ह आली, म्हणजे जवळजवळ नक्कीच जुनाच जंतू उरला होता. प्रौढांत पहिल्या वर्षात परत दिसणारा जंतू बहुतेकदा जुन्यातलाच असतो. तेव्हा घरातल्या कुणामुळे तुम्हाला पुन्हा लागण झाली असं धरू नका.

उलट दिशेने, तुमच्याकडून त्यांना? एच. पायलोरी माणसाकडून माणसाकडे, मुख्यतः लहानपणी आणि मुख्यतः घरात पसरतो. आई आणि मूल यांच्यात जंतूची एकच जात सापडणं नेहमीचं आहे. नेमका मार्ग तोंडावाटे, उलटीतून की शौचातून, हे माणसागणिक आणि परिस्थितीगणिक बदलत असावं. १९९९ च्या एका अभ्यासात लागण असलेल्या लोकांना औषधाने उलटी करायला लावली, तेव्हा सगळ्यांच्या उलटीतून जंतू वाढवता आला. नेहमीच्या शौचातून मात्र नाही. म्हणून घरात कुणाला उलट्या होत असतील तेव्हा हात धुणं आणि साफसफाई यांना मी जास्त वजन देतो.

बायोफिल्मचा या पसरण्यात काय वाटा? दोन ठिकाणी त्याची चर्चा होते. एक, पाण्याच्या पाइपांच्या आतल्या बाजूला धरणारा बुळबुळीत थर. त्यात या जंतूचा डीएनए सापडला आहे. दुसरं, दातांवरचं किटण, तीही बायोफिल्मच, आणि तिच्यातही डीएनए सापडतो. पण डीएनए सापडला म्हणजे जिवंत, लागण करू शकणारा जंतू सापडला असं होत नाही. पोटाबाहेर हा जंतू नाजूक असतो. नेहमीच्या हवेतला ऑक्सिजनही त्याला जास्त होतो. अडचणीत तो नागमोडी आकार सोडून गोल होतो. या रूपात तो प्लेटवर उगवत नाही, पण पूर्ण मेलेलाही नसतो. हे गोल जंतू पुन्हा लागण करतात का यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पाणी स्वच्छ आणि निर्जंतुक हवं, दात नीट घासावेत, हे मी सांगेनच. पण दातांच्या किटणामुळे तुमचा कोर्स फसला असं म्हणणार नाही.

घरातल्या प्रौढांना पोटाचा त्रास असेल, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालेला असेल, तर त्यांची तपासणी जरूर करा. (या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं आहे.) त्रास नसलेल्या प्रौढांची तपासणी करावी असं काही मार्गदर्शक सूचना आता म्हणतात, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. लहान मुलांना मात्र केवळ तुम्हाला आहे म्हणून तपासून औषधं देऊ नका.

पुढच्या भेटीला जाताना आधीच्या दोन्ही कोर्सच्या चिठ्ठ्या न्या. कोणती औषधं, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, एवढं त्यावरून कळलं पाहिजे. मागच्या काही वर्षांत इतर आजारांसाठी घेतलेले अँटिबायोटिकही आठवून लिहून ठेवा. तिसरा कोर्स झाल्यावर ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन टेस्ट करायची ती अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपून किमान चार आठवडे झाल्यावर, आणि पीपीआय किमान दोन आठवडे बंद ठेवून. आधी केलीत तर जंतू दबलेला असतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातली अँटिबॉडीची टेस्ट यासाठी करू नका. जंतू गेल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते.